मोकळी पाठ

मी एक रिकामटेकडा याक बोलतोय. कामचुकार समजू नका. माझ्या पाठीवर ओझं ठेवायलाच मनाई आहे, त्याला मी काय करणार?

एकेकाळी मीही राबलोय. सातूची पोती, तंबूचं काळं कापड, सगळं खिंडीपलीकडे वाहिलं. पाठ थकली तसं माझ्या धन्याने, लुंडुपने, हिवाळ्याआधी मला कसायाला द्यायचं ठरवलं. मी राग धरला नाही. थंडीत माणसांनाही पोट असतंच.

पण त्याच आठवड्यात त्याची चार वर्षांची नोरझोम तापाने फणफणली. पोर डोळे उघडेना. लुंडुपने माझ्या गळ्यातला दोर सोडला, कपाळाला लोणी लावलं, कानात लाल दोरा ओवला आणि तिच्या नावाने मला जन्मभरासाठी मोकळं केलं. ना विक्री, ना सुरी, ना ओझं. एक जीव सोडला की दुसरा वाचतो, असं इकडे मानतात. नोरझोम बरी झाली.

तेव्हापासून मी नुसता चरतो. तिची आई डेचेन मला जावईबापू म्हणते.

गेल्या उन्हाळ्यात शेन नावाचा फोटो काढणारा शहरी पाहुणा आला. रस्ता वाहून गेल्याने त्याची गाडी अडकली होती आणि पलीकडच्या गावातल्या घोड्यांच्या शर्यती त्याला गाठायच्या होत्या, म्हणून कॅमेऱ्याची पेटी वाहायला त्याने याक मागितला. बाकीचे याक वरच्या कुरणात. लुंडुप म्हणाला, आधी चहा घ्या, मग बघू. शेनला कुठला धीर! सगळे तंबूत असताना त्याने आपली पेटी माझ्या पाठीवर बांधून टाकली. खरं सांगू, मला बरंच वाटलं. जुनी सवय, मी गुमान उभा राहिलो.

डेचेन बाहेर आली आणि तिच्या हातून किटलीच निसटली. तिने मागोमाग बाहेर आलेल्या नोरझोमला पोटाशी धरलं. लुंडुप पुढे झाला आणि गाठी सोडू लागला.

शेन वैतागला. "काका, एवढा धष्टपुष्ट याक नुसता उभा आहे. थोडं ओझं नेलं तर काय बिघडतं?"

"पोरीच्या जिवासाठी सोडलाय त्याला," लुंडुप म्हणाला. "ओझं टाकलं तर सोडला कुठे? पेटी मी नेतो."

आणि खरंच त्याने ती आपल्या पाठीला लावली. शेन एकदा माझ्या कानाकडे, एकदा पोरीकडे बघत राहिला. मग त्याचे कान लाल झाले. त्याने पेटी उतरवून घेतली आणि स्वतः उचलली.

सगळेच त्याला पोचवायला निघाले, मागून मी मोकळा. शेनला धाप लागत होती. मला त्याची दया आली, थोडी गंमतही वाटली. डेचेनचा जीव मात्र टांगणीला. पोर दमते का, खोकते का, हेच ती बघत होती. नोरझोम आपली सगळ्यांच्या पुढे उड्या मारत होती.

खिंडीत शेनने पेटी टेकवली आणि नोरझोमला विचारलं, "याची माफी कशी मागायची?"

"कानामागे खाजवा. दोरा ओढू नका," ती म्हणाली.

त्याने खाजवलं. "जावईबापूंची चैन आहे," डेचेन म्हणाली आणि हसली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आता माझे दात झिजलेत, पण गवत अजून गोड लागतं. तुम्ही कधी इकडे आलात आणि कानात लाल दोरा असलेला याक दिसला, तर त्याला हात लावण्याआधी घरच्यांना विचारा. चहा तर मिळेलच.

परवा नोरझोम शाळेला निघाली. दप्तर भलतंच जड. मी सवयीने पाठ पुढे केली, तर तिने माझं कपाळ थोपटलं.

"राहू दे रे," ती म्हणाली. "तू मोकळा आहेस, म्हणून तर मी उचलतेय."