विटबी साहेबाचा शेवटचा ठसा

विटबी साहेबाला मी फसवलं नाही. मी त्याची चूक सुधारायला गेलो, आणि ते फसवण्याहून वाईट निघालं.

हा विलायती म्हातारा अर्जुनीजवळ, आमच्या तलावाशेजारी, बंगला भाड्यानं घेऊन राहत होता. चांद्याकडची रेल्वे तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. डोंगर-पाण्याची चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरायची, हा त्याचा धंदा. कोरलेल्या पत्र्यात शाई भरून वर कागद दाबला की ठसा उतरतो. चाळीस वर्षं त्यानं दुसऱ्यांची चित्रं कोरली. खाली नाव त्यांचं. मग फोटोचं यंत्र आलं आणि तेही काम गेलं. आमच्या तलावाचं चित्र मात्र त्याचं स्वतःचं होतं आणि कोरणाराही तोच. लंडनच्या प्रदर्शनात ते पहिल्यांदाच त्याच्या नावानं जाणार होतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणून शेवटचंही तेच.

मी शालीकराम, जातीचा कोहळी. तलाव आमच्याच वाडवडिलांनी बांधलेला. पटवाऱ्याच्या हाताखाली बारा वर्षं मी आरपार दिसणाऱ्या मेणकापडावर गावनकाशे उतरवले होते. साहेबाला बारीक रेघ दिसेनाशी झाली, तेव्हा त्याचं चित्र तशाच कापडावर ठळक उतरवून द्यायला त्यानं मला ठेवलं.

ते कापड साहेबानं आरशासमोर टांगायला लावलं; आरशात पाहून तो कोरणार होता. का, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आरशात तलाव उलटा दिसला. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, उगवतीकडची देवी थेट मावळतीला. माझा जीव कासावीस झाला. पटवाऱ्याच्या दप्तरात असा नकाशा गेला असता तर नोकरीच गेली असती. मला वाटलं, म्हाताऱ्याला दिसत नाही, आणि विलायतेत आमच्या तलावाचं हसं होणार. कापड काय, दोन्ही बाजूंनी सारखंच. साहेबानं कोरायला हात घालायच्या आधीच मी ते गुपचूप पालथं करून टांगलं. आरशात देवी जागेवर आली.

घरी बायकोला, शामकलाला, मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती म्हणाली, "साहेबाले इचारून तं घ्या. धंदा त्याचा हाय."

"त्याले दिसत नाही, त्याले काय इचारू?" मी म्हणालो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

आठ महिने साहेब डोळ्याला भिंग लावून कोरत राहिला, एका वेळी बोराएवढी जागा. मग नागपूरहून ठसे काढायचं यंत्र आलं. त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं ठशाचं पार्सल गोंदियाला आणि पुढे मुंबईच्या बोटीवर जायचं होतं. बोट चुकली की प्रदर्शन चुकलं.

मी यंत्राचं चाक फिरवलं आणि कागद हळूच सोलून उचलला. देवी मावळतीला होती. ठसा पत्र्याच्या उलट उतरतो, हे मला तेव्हा कळलं. आरसा त्यासाठीच होता.

साहेब भिंग घेऊन वाकला. झाडं पाहिली, पाण्यावरच्या रेघा पाहिल्या, आपलं नाव दोनदा पाहिलं. ते त्यानं आरशाशिवाय, हाताच्या सवयीनं उलटं कोरलं होतं, म्हणून तेवढं सुलट उतरलं होतं.

"नाम साफ आया," तो हसून म्हणाला. "और बाकी? तेरा तालाब है. तू बोल."

गाडीला दोन तास होते. 'ठीक आहे' म्हटलं असतं तर तो खुशीत राहिला असता. खरं सांगितलं तर दुसरा पत्रा कोरायला त्याच्याकडे ना वेळ होता, ना डोळे. माझ्या तळहातांना घाम सुटला. कागदाला डाग पडेल म्हणून मी ते धोतराला पुसले, परत पुसले. एवढा मी पटवाऱ्यालाही कधी भ्यालो नव्हतो.

"उलटा हाय जी," मी म्हणालो. "मी कापड पालथं टांगलो होतो. आठ महिन्यांपासून."

त्यानं बोट पुढे केलं. मी ते धरून आधी देवीवर टेकवलं, मग ती जिथं हवी होती तिथं. दोन शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मग मीच बडबडत सुटलो.

"धाडून द्या साहेब. विलायतेत आपला तलाव कोन पाह्यला हाय? कोनाले समजते?"

"मुझे नहीं समझा," साहेब म्हणाला. "आठ महीने मेरे सामने था. बनानेवाले को नहीं दिखा."

त्यानं खरवडायची पाती मागितली. मी 'नका जी, नका जी' म्हणत राहिलो. पत्र्यावरची नावाची जागा त्याला बोटांनीच सापडली, भिंग लागलं नाही. खरवडून, घासून त्यानं ती गुळगुळीत केली आणि दुसरा ठसा काढायला सांगितला.

"काम बुरा नहीं है," तो म्हणाला. "भेज दो."

पार्सल घेऊन मी स्टेशनावर गेलो. पावती फाडता फाडता बाबूनं सहज विचारलं, "तस्वीर है? किसने बनाई?"

साहेबानंच खरवडलेलं नाव मी कसं घेणार? पावती उचलली आणि निघालो.