साठ श्रद्धांजल्या

आमच्या भावकी-पाहुण्यांच्या व्हॉट्सॲप गटावर एकट्या माणसाचा फोटो दोनच कारणांनी येतो. एक तर वाढदिवस, नाहीतर मरण. खाली काय लिहायचं ते सगळ्यांच्या बोटांना पाठ आहे, त्यामुळे वाचायच्या भानगडीत कुणी पडत नाही. मीही पडले नाही, हे आधीच सांगून टाकते.

त्या दिवशी फोटो आला माजलगावच्या आप्पांचा, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या सख्ख्या धाकट्या भावाचा. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग. भाकरीच्या पिठाच्या हातांनी मीही एक चिकटवली आणि मग कुठे डोक्यात उजेड पडला की गेले कोण.

सासूबाई, सुंदरबाई, ओसरीवर शेंगा फोडत होत्या. मी सांगितलं. त्या रडल्या नाहीत, आणि त्याचीच मला भीती वाटली. अकरा वर्षं बहीणभावात अबोला होता. आप्पांच्या लेकीच्या लग्नपत्रिकेत सासूबाईंचं नाव छापायचं राहिलं, एवढंच निमित्त. तेव्हापासून ना राखी, ना भाऊबीज.

"मीच आधी बोलायला पायजे व्हतं," त्या म्हणाल्या. "आता कुणाशी बोलू?"

माझे मालक, अमरसिंह, जीप बघायला धावले. आमच्या नेकनूरहून माजलगाव काही जवळ नाही, आणि चारला अंत्यविधी असल्याचं गटावर आलं होतं. जागा कुठली ते बघावं म्हणून मी मेसेज वर वर सरकवत गेले. अगदी वर आप्पांची नात संस्कृती होती. तिने सकाळी सातला आजोबांचा फेटा बांधलेला फोटो टाकला होता. सोबत एक अक्षरही नाही! त्याखाली माझ्या चुलत दिराची, तानाजीची पहिली श्रद्धांजली, मग बाकी मेंढरं. आणि चारची वेळ कुणी ठरवली? त्याच्या भावाने, भागवतने. तो राहतो पुण्याला.

माझं टाळकंच सरकलं. "आत्याबाई, मी फोन लावते."

"येडी झालीस का?" त्या एकदम ताठ झाल्या. "मयताच्या घरी फोन करून इचारतेत का, मेला का म्हणून? लोक त्वांडात शेण घालतील."

खरंच, आपल्यात तसं विचारत नाहीत. दुखवट्याची टॉवेल-टोपी घेऊन सरळ निघतात. मी तरी लावला.

"कोण, वनमाला?" पलीकडे खुद्द आप्पा! "बोल की. सकाळधरनं दोघं टॉवेल-टोपी घिऊन आले, मला बघितलं, च्या पिऊन गेले. कावून आलते ते काय सांगितलं न्हाई."

म्हणजे दोघांना खरं कळलं होतं, आणि लाजेपायी दोघेही गप्प बसले होते. मला हसू आलं, रडूही आलं. मी फोन सासूबाईंच्या कानाला लावला.

त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"आप्पा?"

"अक्का? ... अक्का, तू हायस का?"

मग मात्र सकाळपासून अडलेलं सगळं रडू बाहेर आलं. रडता रडता त्यांनी भावाला यथेच्छ शिव्या दिल्या. तिकडून आप्पा "व्हय अक्का, चुकलंच माझं" म्हणत होते.

मी गटावर लिहिलं, 'आप्पा ठणठणीत आहेत. मी आत्ताच बोलले. मीही न बघता श्रद्धांजली लिहिली होती, चुकले. कुणी सांगितलं हे विचारल्याशिवाय आता पुढे काही पाठवू नका.' श्रद्धांजली वाहिलेल्या साठ जणांपैकी पहिला अंगठा तानाजीचा आला. निर्लज्ज मेला!

तेवढ्यात दारात जीप येऊन थांबली. मालकांनी सगळं ऐकलं, कपाळाला हात लावला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "बाबा, जा आता परत. काम न्हाई राह्यलं."

सासूबाई लुगड्याचा पदर खोचत पायरी उतरल्या.

"परत कावून धाडतूस रं? मेलेल्या भावाकडं निघाले व्हते, जित्याकडं जायाला काय झालं?"