धुतलेली गाडी

“धूळ उठली गं माळावर, कुणाचा लेक आला घरावर?”

आईची ती आरोळी हिलारियोच्या कानात अजून तशीच होती. विहिरीवर पाणी भरता भरता ती कपाळाला हात लावून दूर बघायची, आणि अशी ओरडायची की शेजारपाजारच्या बायका पिठाच्या हातांनी दारात यायच्या. सीमेपलीकडं उत्तरेला कामाला गेलेले लेक गाड्या घेऊन परतायचे. काचा खाली, गाणी चढ्या आवाजात, वेशीपासून हॉर्न. पोरं धुरळ्यातून मागं धावायची. ज्याची गाडी जास्त चकचकीत, त्याच्या आईची मान त्या दिवशी जास्त ताठ.

हिलारियोनं बादलीत हात घातला, ओंजळभर चिखल काढला आणि आपल्या पांढऱ्या पिकअपच्या दारावर थापला.

“नंबर प्लेटवर जरा कमी लाव,” ओतिलिया पायरीवरून म्हणाली. “पोलीस अडवतील.”

“अर्धी दिसेल एवढाच लावतोय.”

“आणि मला? मला नाही का फासणार थोडा?”

“तू आहेस तशी बरी आहेस, म्हातारे. तुझ्याकडं कोण बघतंय?”

“बघायचे हो. विसरलास वाटतं.”

तो हसला. जॉर्जियातलं जानेवारीचं ऊन परसात कोवळं पडलं होतं. कालच्या पावसानं माती छान भिजली होती आणि चाकांवर, बॉनेटवर, मागच्या फळीवर ती लोण्यासारखी बसत होती. सकाळपासून तो याच कामात होता. मागच्या काचेवरचा मुलीच्या कॉलेजचा स्टिकर त्यानं नखांनी खरवडून काढला होता. चांगली टोपी घरी ठेवून शेतात घालायची भोकाची टोपी घेतली होती. गावाकडच्या मेव्हणीसाठी घेतलेल्या नव्या रजया कोंबड्यांच्या खाद्याच्या रिकाम्या पोत्यांत भरल्या होत्या. वाटेत कुठं थांबायचं नाही, उजेडातच गाडी चालवायची, हॉटेलात बसायचं नाही, जेवण डब्यात. दुसऱ्या गाड्यांच्या मागं लागायचं नाही आणि पुढंही जायचं नाही. कुणाच्या नजरेत यायचं नाही, बस.

त्यांचा मुलगा नाबोर असा गेला नव्हता. तो काही वर्षांपूर्वी निळ्या गाडीतून गेला होता. चुलतबहिणीच्या लेकराच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून जायचं, तर गाडी कशी हवी? आदल्या दिवशी त्यानं ती इतकी घासली, की तिच्या दारात बघून ओतिलियानं वेणी घातली असती. सीमेवरचा पूल ओलांडल्यावर त्याचा फोन आला. “आई, इथं रस्त्यात संत्री विकतायत. घेऊ का मावशीला?” घे म्हणाली ती. नंतर फोन नाही, संत्री नाहीत, गाडी नाही.

हिलारियो शोधायला गेला नाही. जाऊ नकोस, असं सगळ्यांनीच सांगितलं. त्या रस्त्यावर जो विचारत जातो, त्याच्याबद्दल मग दुसऱ्याला विचारावं लागतं. घरात मुलगी होती, नोकरी होती, गालिच्यांच्या कारखान्यातली रात्रपाळी होती. त्यानंतर तिकडं जायचं नावही त्यानं काढलं नव्हतं. पण नाताळ संपता संपता एल्विराचा निरोप आला, की तिच्या पोटात पाणी झालंय आणि काही खरं नाही. ओतिलियाला गाडी येत नव्हती. “मला जायलाच हवं,” एवढंच ती म्हणाली, आणि त्यानं गाडी काढायचं कबूल केलं. एल्विरा तिची पाठची बहीण. त्यांच्या लग्नात सगळ्या गावाला पुरेल एवढं मटण तिनं एकटीनं शिजवलं होतं.

ओतिलिया गाडीत चढली ती मांडीवर एक पांढरी चादर घेऊनच. कोरी, इस्त्रीची, कडेला हातानं विणलेली लेस.

“ती पोत्यात घाल ना.”

“चुरगळेल.”

पुढचे दोन दिवस ती चादर तिच्या मांडीवरच होती. सीमेवरचा पूल आला, तेव्हाही. नाक्यावरच्या शिपायानं पोती काठीनं ढोसली, अर्ध्या झाकलेल्या प्लेटकडे बघून नाक मुरडलं आणि हात हलवून सोडलं. पलीकडं रस्ता मोकळा होता. नाताळात इथं गाडीला गाडी लागते. टपावर सायकली, फ्रिज, बांधलेली खाट, आणि आतून पोरांचा कालवा. आता सगळे येऊन परत गेले होते. निवडुंग, माळ, पिठासारखी पांढरी धूळ, आणि त्यात ही एकटी गाडी. आपण उशिरा निघालो हे हिलारियोला तेव्हा कळलं. गर्दीत लपता येतं, मोकळ्या माळावर कसं लपणार?

त्याचा बेत मोठ्या गावात पेट्रोल भरायचा होता. पण वाटेतला एक छोटा पूल दुरुस्तीला काढलेला, वळसा पडला आणि काटा खाली आला. माळावर एकच पंप दिसला. तो वळला.

नळी टाकीत गेली नाही तोच एक माणूस बादली आणि फडकं घेऊन आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, एका डोळ्यात फूल पडलेलं. कमरेला चाव्यांचा जुडगा आणि त्याच्या शेजारी वॉकीटॉकी.

“काच पुसू, काका?”

“नको, राहू दे.”

“नको काय? समोरचं दिसतंय तरी का तुम्हाला? पैसे मागितले का मी?”

आणि फडकं काचेवर आपटलंसुद्धा. हिलारियोनं ओतिलियाकडं पाहिलं. तिनं नजरेनंच सांगितलं, पुसू दे.

काच झाली, बॉनेट झालं. मग कुणी सांगितलं नसताना तो दारांकडं वळला. चांगलं काम करत होता, कोपरेसुद्धा सोडत नव्हता. फडकं पिळलं, तसं बादलीतलं पाणी लाल झालं. तो थांबला. बोटांत चिखल घेऊन त्यानं चोळला.

“ही कुठली माती म्हणायची? आमची धूळ पांढरी. ही तर विटेसारखी.”

आपण इतकी राज्यं ओलांडून काय अंगावर घालून आलो, हे हिलारियोला त्या बादलीत दिसलं.

“एवढ्या लांबून चिखल आणलात होय? भेट म्हणून?” माणूस हसला. फुलाचा डोळा हसला, दुसरा नाही.

“तिकडं पाऊस होता,” ओतिलिया खिडकीतून म्हणाली. “घरापुढचा रस्ता कच्चा. या माणसाला सांगितलं, धुऊन निघू. पण आळशाचं काय करणार?”

“बायकोचं ऐकत जा हो काका. आणि आता जानेवारीत कुठं निघालात? सण तर झाला.”

“मेव्हणी आजारी आहे,” हिलारियो म्हणाला. हे बोलताना तो अडखळला नाही. “पोटात पाणी झालंय. भेटेल की नाही, देव जाणे. आमच्या लग्नात… फार चांगली बाई आहे हो.”

माणूस त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. घाई नाही, राग नाही. बाजारात जनावराचे दात बघतात तसं.

“हे काय, मावशी?”

“चादर. तिच्या बिछान्यासाठी.”

“आणि मुलगाबिलगा नाही का तुम्हाला? या वयात स्वतः गाडी हाणताय ते.”

हिलारियोचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. कान तापले. त्याला जन्मात कधी खोटं बोलता आलं नव्हतं, आणि खरं बोलायची ही जागा नव्हती.

“आहे की,” ओतिलिया खिडकीतून बाहेर वाकत म्हणाली. “शिकागोला असतो. सुनेनं पदराला बांधलाय. फोनसुद्धा करत नाही आईला.”

“सगळीकडं तेच, मावशी. माझा तरी कुठं करतोय?”

तो पंपामागच्या सावलीत गेला आणि वॉकीटॉकी तोंडाशी धरली. वारा त्यांच्याच दिशेला होता.

“पांढरी पिकअप… दोघं म्हातारी… हो, धुतली… नाही रे, शोधणाऱ्यांतली नाहीत. बायकोची बहीण मरायला टेकलीय… म्हातारा खरं बोलतोय. तोंडावर दिसतं ना.”

पलीकडून खरखर झाली. बराच वेळ नुसती खरखर. ओतिलियानं चादरीची घडी सरळ केली, मग पुन्हा सरळ केली. हिलारियो टाकीचं झाकण फिरवत होता. ते केव्हाच घट्ट बसलं होतं.

माणूस परत आला, त्यानं बॉनेटवर एक शेवटचा हात फिरवला.

“जा, काका. पुढं कुणी हात केला तर सांगा, फडकेवाल्यानं धुतली. आणि आता मळवू नका हं गाडी. अशीच दिसू दे.”

पुढच्या वळणावर झाडाखाली दोन मोटारसायकली उभ्या होत्या. त्यांवरच्या पोरांनी गाडीकडं पाहिलं. धुरळ्यानं पांढऱ्या पडलेल्या त्या रस्त्यावर ती एकटीच लखलखत होती. त्यांनी मान फिरवली. अजून एका फाट्यावर तसंच झालं. लपायला म्हणून लावलेला चिखल गेला होता आणि आता सगळ्यांना दिसेल असं काहीतरी त्यांच्या अंगावर चढलं होतं.

पुष्कळ अंतर गेल्यावर तो म्हणाला, “शिकागो.”

तिनं खिडकीची काच वर घेतली.

“सूनसुद्धा. इतकं सहज कसं आलं गं तुझ्या तोंडात?”

“यायला लागतं.”

“आपल्या एवढ्या संसारात तुला खोटं बोलताना मी कधी ऐकलं नाही.”

“ऐकलं नाहीस,” ती म्हणाली.

रस्ता सरळ होता. कडेला बाभळींसारखी खुरटी झाडं, त्यांच्यावर अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. ते दोन शब्द तो मनात उलटेपालटे करत राहिला. अंगठा स्टिअरिंगवर एकाच जागी घासत होता.

“ओतिलिया, एल्विरा खरंच आजारी आहे ना?”

पुढं फाटा दिसू लागला. डावीकडं त्यांचं गाव, उजवीकडं जिल्ह्याचं शहर. सवयीनं त्यानं डावीकडचा दिवा लावला.

“उजवीकडं घे,” ती म्हणाली.

“गाव इकडं आहे.”

“मला माहीत आहे गाव कुठं आहे ते. एल्विरा ठणठणीत आहे. उजवीकडं घे.”

त्यानं गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच होतं, डावा दिवा टिकटिकत होता. त्याला ओरडायचं होतं. पण तिचा चेहरा पाहिला आणि आवाज खालीच राहिला.

“मला सांगायचं होतंस.”

“आणि तो माणूस तुझ्या तोंडाकडं बघत होता, तेव्हा त्याला काय दिसलं असतं, म्हाताऱ्या?”

तिनं हात पुढं करून दिवा बंद केला. टिकटिक थांबली.

“चर्चमधल्या बायकांबरोबर जाऊन मी तपासणीला रक्त दिलं होतं, हरवलेल्यांची ओळख पटवायला,” ती म्हणाली. “तुझ्या रात्रपाळीत. इथल्या शहरात त्यांच्याकडं जे आहे ते आणि माझं जुळलं, असा नाताळाआधी फोन आला. आपलं आपण येऊन घेऊन जा म्हणाले.”

एक मालट्रक शेजारून गेला, गाडी हलली. हिलारियोनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं, जणू सोडलं तर गाडीच पळत सुटली असती. बाप म्हणून एकच प्रश्न उरला होता.

“सापडला?”

ओतिलियानं त्याच्याकडं पाहिलं. डोळे कोरडे होते; रडणं तिनं केव्हातरी, तो कामावर असताना, उरकून घेतलं असावं.

“सगळा नाही,” ती म्हणाली. “पण सापडलाय.”