बाजारात खाल्लेला गूळ

माझा बाप बाजारात बसायच्या लायकीचा माणूस नव्हता. हे मी रागानं सांगत नाही, दिग्रसच्या बाजारात त्याला ओळखणारं कोणीही हेच सांगेल. गिऱ्हाइकानं बोरांचा भाव विचारला की तो माझ्या आईकडे बघायचा. कोणी 'कमी करा' म्हटलं की मान हलवायचा, आणि 'इतकी स्वस्त कशी, किडकी तर नाहीत?' म्हटलं तरी मान हलवायचा. हो म्हणायची हिंमत नाही, नाही म्हणायची तर त्याहून नाही. म्हणून विकायचं काम आमच्यात याडी करायची. याडी म्हणजे आई, हंसाबाई. बाकडे, म्हणजे हरिसिंगकडे, गाडी-बैल सांभाळायचं काम होतं, आणि ते तो चांगलं करायचा.

ही गोष्ट एकसष्ट सालची. मी, लाली, तेव्हा सतरा वर्षांची होते. संक्रांत पंधरा-वीस दिवसांवर आली होती. पौषातल्या बाजाराची मजा वर्षात पुन्हा येत नाही. तुरीच्या ओल्या शेंगा, हरभऱ्याची कोवळी भाजी, काटेरी वांगी, जवस, तीळ, आणि जिकडे बघाल तिकडे गूळ. आम्ही तांड्यावरून बोरं आणि शेंगा घेऊन यायचो. किलोची वजनं बाजारात नवीनच आली होती. याडीचं तोंड मात्र अजून शेराचंच होतं, आणि दोन्हीतलं जे सोयीचं असेल ते ती गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची.

आमच्या शेजारी पुसदकडचे किसनराव गुळाच्या भेल्या घेऊन बसत. साधा, हसरा माणूस. गूळ घेणारा आधी खडा तोंडात टाकतो, खारट तर नाही ना बघतो, मगच भेली उचलतो. बाजाराची रीतच तशी आहे. त्यामुळे किसनरावांची एक भेली दिवसभर लोकांच्या चाखण्यातच संपायची, आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही.

पण आमच्या गोरमाटी, म्हणजे बंजारा लोकांत गूळ खाण्याचा एक दुसरा अर्थ आहे. मुलीच्या बापानं तांड्याच्या नायकासमोर, चार माणसांच्या देखत, मुलाकडच्यांच्या हातचा गूळ खाल्ला की सोयरीक पक्की. मग ती मोडत नाही. मोडणाऱ्याच्या घरी पुन्हा कोणी गूळ घेऊन येत नाही. आम्हाला हे इतकं अंगवळणी पडलेलं की कुणब्या-माळ्यांच्या घरी कोणी 'गूळ खा' म्हटलं तरी आमच्या पोरी ओढणीत तोंड लपवून हसायच्या.

पलीकडच्या तांड्यावरचा भावसिंग दोन वर्षांपासून त्याच्या मुलासाठी, हिरासिंगसाठी, मला मागत होता. तो आणि बा लहानपणापासूनचे दोस्त. बा दरवेळी म्हणायचा, 'बघू.' याडी मात्र स्वच्छ नाही म्हणायची. मीही याडीला सांगून टाकलं होतं, त्या घरी मला पाठवू नको. कारण हिरासिंगची पहिली बायको बाजारात आमच्याच ओळीत बसायची.

तिचं नाव सुखीबाई. पंचांनी काडीमोड करून दिली आणि ती माहेरी परत आली. ती जवस विकायची. तिच्या डाव्या कानाची पाळी वरपासून खालपर्यंत फाटलेली होती. ओढणीनं ती झाकून घ्यायची, पण तोलायला दोन्ही हात लागतात, आणि तोलताना ओढणी घसरायची. मी दर बाजाराला तो कान बघत होते. कसा फाटला हे तिनं कधी सांगितलं नाही, आणि विचारायची गरजही नव्हती.

त्या दिवशी दुपारी मी बोरं निवडत होते. मान वर केली तर किसनरावांच्या दुकानापुढे चार-पाच माणसं उभी. आमच्या तांड्याचा नायक बाबूसिंग, भावसिंग, बा आणि आणखी दोघं. भावसिंगनं भेलीचा तुकडा मोडला. आधी नायकाला दिला. मग बाला दिला. बानं तो तोंडात टाकला, चघळला आणि चांगलं मोठ्यानं म्हणाला, "गोड हाय. आपल्याले चालते."

मला हसू आलं. म्हटलं, आता हा भेलीभर गूळ उचलून आणतो आणि याडीच्या शिव्या खातो. तेवढ्यात भावसिंगनं बाला मिठी मारली. बाकीच्यांनी राम राम घातला. माझ्या हातातली बोरं तशीच राहिली. काय झालं ते मला कोणी सांगायच्या आधीच कळलं.

याडीनं हातातला तराजू खाली टाकला. मग उठली आणि भर बाजारात बाला विचारलं, हे काय करून बसला. बा खाली बघत म्हणाला, "मले वाटलं चाखाले देऊन राह्यला." झालं. लोक हसले. आमचेही हसले आणि शेजारचे माळीही हसले. भावसिंग मात्र एवढंच म्हणाला की हरिसिंगनं खाल्ला, नायकानं बघितला, आता मी काय सांगू.

सामान आवरताना सुखीबाई पहिल्यांदा माझ्याजवळ येऊन बसली. तिला सगळं कळलं होतं. तिनं माझ्या टोपलीतलं एक बोर उचललं, पुन्हा ठेवलं आणि हळूच म्हणाली, "तो रोज नाही मारत. कवा मारन ते समजत नाही, तेच बेकार हाय." मग उठून आपल्या जवसाकडे गेली.

त्या रात्रीपासून आमचं घर म्हणजे कोंडवाडा झाला. सोयरीक मोडावी तर माझ्या पाठची बहीण मोती घरात बसलेली, तिला कोणी विचारणार नाही. पाळावी तर मी हिरासिंगच्या घरी. याडीनं बाशी बोलणं टाकलं. भाकरी त्याच्यापुढे आदळायची आणि निघून जायची. तांड्यावर तर लोकांना चघळायला विषयच मिळाला. 'हरिसिंगनं पोरगी चाखून देल्ली' असं म्हणून विहिरीवर बाया फिदीफिदी हसायच्या. मी दोघींशी भांडले, एकीची घागर फोडली. माझ्या बापाला भोळा म्हणा, पण त्याला हसू नका, असं मला वाटायचं. तो रात्री अंगणात एकटा बसायचा तेव्हा माझा जीव तुटायचा. याडी रागावली की मी त्याची बाजू घ्यायचे. म्हणायचे, याडी, तो फसला गं, त्याचा काय दोष.

आणि मला एक आशा होतीच. ती म्हणजे चूक. बानं मुद्दाम केलं असतं तर माझं काही चाललं नसतं, पण चूक दुरुस्त करता येते. शेंगा वजनात कमी भरल्या तर गिऱ्हाईक परत येतं, आणि आपण मूठभर टाकून देतो. मी चौथ्या दिवशी याडीला घेऊन नायकाच्या अंगणात गेले. भावसिंगलाही बोलावणं धाडलं होतं. बा मागून आला.

याडी म्हणाली, बाजारात का कधी सोयरीक होते? नायक बाबूसिंग शांतपणे म्हणाला की आपले पूर्वज बैलांवर माल लादून मुलखामुलखात फिरत होते, तेव्हा वाटेवर उभ्या उभ्या सोयरिकी झाल्या, जागेचं काय घेऊन बसली. खाणाऱ्यानं समजून खाल्ला की नाही, एवढाच प्रश्न आहे. भावसिंग म्हणाला, समजूनच खाल्ला. याडी म्हणाली, नाही. बानं दोघांकडे बघून मान हलवली.

पोरीनं अशा बैठकीत बोलायचं नसतं. मी बोलले. म्हटलं, "नायक, ज्याचा गूळ व्हता त्याले तर इचारा. माहा बा घ्याले गेलता का खायाले, ते किसनराव सांगन. तो आपल्यातला नाही, त्याले कोणाची बाजू नाही."

नायकाला ते पटलं. म्हणाला, दुकानदारानं सांगितलं की हरिसिंग गूळ घ्यायला आला होता, तर तो चाखलेला गूळ, सोयरिकीचा नाही. मग मी माझ्या तोंडानं सोडवून देईन, आणि मोतीलाही त्याचा बट्टा लागणार नाही. भावसिंगनं बाकडे बघितलं. बा एकदम म्हणाला, "कायले त्या परक्या माणसाले मधात आणता?" त्याचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, चारचौघांत पुन्हा हसं होईल म्हणून बिचारा घाबरला. घरी येताना मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, बा, आता चार दिवस कळ काढ.

ते चार दिवस मी सुखात होते. खोटं कशाला सांगू. शेतातून सगळ्यात चांगल्या शेंगा तोडून आणल्या. किसनरावांसाठी वेगळी ओटीभर बोरं बांधली, टपोरी, मधासारखी गोड. याडीही जरा निवळली. बाला तिनं एकदा 'जेवा' म्हटलं.

बाजाराच्या दिवशी सकाळीच सगळे किसनरावांच्या दुकानापुढे जमले. नायक, भावसिंग, याडी, बा, मी. किसनराव गोंधळले. एवढी माणसं कशाला आली त्यांना कळेना. धोतराला हात पुसत उभे राहिले. नायकानं विचारलं, मागच्या बाजाराला हा हरिसिंग तुमच्याकडे गूळ घ्यायला आला होता का?

किसनरावांनी माझ्याकडे बघितलं. मी बोरं त्यांच्यापुढे ठेवलीच होती. त्यांना वाटलं असावं, या पोरीचं काहीतरी भलं आपल्या बोलण्यावर अडलंय. त्यांनी अगदी आठवून, खरं तेच सांगितलं.

"घ्याले नाही बावा. सकाळी गाडी सोडली अन् पयले माह्यापाशीच आला. म्हणे, किसनराव, चांगल्यातली एक भेली अलग ठेवा, आज गूळ घ्याचा नाही, आज खायाचा हाय. मले हासू आलं. म्हटलं, खा ना भाऊ, पोटभर खा." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बराबर सांगतलं ना पोरी?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार. त्यांचा काय दोष, त्यांच्यासाठी गूळ म्हणजे गूळच होता.

भावसिंग दुसरीकडे बघायला लागला. दोस्ताचं गुपित त्यानं इमानानं सांभाळलं होतं, तेवढं मान्य करायला हवं. नायक खाकरला आणि म्हणाला, आता विचारायचं काही राहिलं नाही. तो आणि भावसिंग गर्दीत निघून गेले. बाजार भरत होता. आमच्या टोपल्यांपाशी दोन गिऱ्हाइकं येऊन उभी होती.

आठ दिवस मी ज्याला सोडवायला धडपडत होते, ज्याच्यासाठी घागर फोडली, त्यानं सकाळी उजेडात, दोस्ताशी ठरवून, चांगल्यातली भेली बाजूला काढून ठेवली होती. मला त्याचा राग यायला हवा होता. तो नंतर आला, भरपूर आला. त्या वेळी फक्त लाज वाटली, त्याची नाही, माझीच. इतकी कशी मी वेडी.

याडी हळू आवाजात म्हणाली, "मले काहून नाही सांगतलं?"

बा जमिनीकडे बघत राहिला. "तुले सांगतलं असतं तर तू ना म्हणली असती," तो म्हणाला. "अन् भावसिंगले म्या जबान देल्ली व्हती. चुकून झालं म्हटलं तर तुह्या डोक्श्यात कमी राग जाईन, असं वाटलं."

याडीनं ओढणी तोंडाला लावली आणि टोपल्यांकडे गेली. गिऱ्हाइकाला तिनं भाव सांगितला, तो मला ऐकू आला. मी तिथंच उभी राहिले. म्हटलं, "बा, अन् मी? म्या ना म्हटलं असतं तर?"

त्यानं मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं.

"तुले कोण इचारत व्हतं?" तो म्हणाला.

हे तो रागानं बोलला नाही. मी असं काही विचारावं याचंच त्याला नवल वाटलं होतं. माघात माझं लग्न झालं.