काव्याची मनी

दीक्षाबाईंना शाळेत येऊन सहा महिने झाले, तरी डबा त्या एकट्याच खायच्या. माळशिरस सोडून सोलापुरात आलेल्या. भाड्याच्या खोलीत बोलायला भिंती तेवढ्या. शाळेत दुसरे शिक्षक अजिनाथ गुरुजी, टेंभुर्णीहून रोज एसटीने येणारे, आणि त्यांच्याशी बाईंचं पहिल्याच आठवड्यात बिनसलेलं.

भांडण कशावरून, तर वाचायला शिकवायचं कसं! पहिलीला शिकवणारे गुरुजी म्हणायचे, आधी बाराखडी घोटून घ्या, शब्द आपोआप येतात. दुसरीच्या बाई म्हणायच्या, आधी चित्र, मग शब्द, अक्षरं मागाहून. दोघंही आपापल्या जागी शहाणे, आणि दोघांनाही न जमलेली एकच पोर, काव्या.

काव्या वर्षभर गुरुजींपुढे बाराखडी म्हणून आली होती. अक्षरं ओळखायची, पण शब्द आला की मूग गिळून बसायची. बाईंनी घराचं चित्र दाखवलं, खाली 'घर' लिहिलेलं. काव्या म्हणाली, "मनी." घराला मांजर म्हणते म्हणून सगळा वर्ग खो खो हसला. दहा दिवस तेच चित्र, तेच उत्तर. पोरीचा आवाज तेवढा रोज बारीक होत गेला.

तिचा बाप निंगप्पा बाजार समितीत हमाल. त्यानं येऊन सांगितलं, शनिवारपर्यंत हिनं एक शब्द वाचून दाखवला नाही, तर हिला आत्याकडे धाडतो, तिचं मूल सांभाळायला. गुरुजी पुटपुटले, नाचता येईना अंगण वाकडं. ते बाईंना फार लागलं. त्या रात्री त्या जेवल्याच नाहीत.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर बाई निंगप्पाच्या विनवण्या करायला त्याच्या घरी गेल्या. तो कामावरून आला नव्हता. काव्याची आई हेमावती भांडी टाकून उठली आणि आत हात दाखवत म्हणाली, "मनी वळग बर्री, बाई."

बाई उंबऱ्यातच थबकल्या. मनी म्हणजे काय, त्यांनी विचारलं. हेमावतीनं मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं, मनी म्हणजे घर, आमच्या कानडीत.

घ्या! पोरगी दहा दिवस बरोबर सांगत होती, आणि चूक ठरवत होत्या बाई. सोलापुरात सहा महिने राहून हा एवढा शब्द कानावर पडला नव्हता, कारण बाई कुणाशी बोलल्याच नव्हत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली.

शनिवारी निंगप्पा वर्गाच्या दारात उभा राहिला. बाईंनी फळ्यावर घराचं चित्र लावलं, खाली लिहिलं, 'मनी'. गुरुजींनी शिकवलं होतं तसं काव्यानं अक्षरांवरून बोट फिरवलं. म. नी. मग तिची मान वर झाली. "मनी!" बाईंनी त्याखाली 'घर' लिहिलं. तेही तिनं वाचलं, आणि या वेळी कुणी हसलं नाही. निंगप्पा तिथूनच कामावर गेला. आत्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

मधल्या सुटीत काव्या बाईंच्या डब्यापाशी येऊन बसली.

"बाई, तुमचा मनी कुटं हाय?"

बाईंच्या तोंडी आधी माळशिरस आलं, मग ती खोली आली. दोन्हींपैकी एकही सांगवेना. त्यांनी अर्धी भाकरी मोडून तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "हितं न्हाय गं."

सहा महिन्यांत हे त्यांना कुणीतरी पहिल्यांदाच विचारलं होतं.