तबकडीतला ळ

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या अनसूयाबाई मोघे यांचा आवाज त्या वर्षी नवरात्रात बसला तो दिवाळी झाली तरी सुटेना. शेवटी डॉक्टरांनी घसा तपासून सांगितलं, "आत गाठ धरलीय. वर्षभर मोठ्यानं बोलायचं नाही. नाहीतर आहे तेवढाही आवाज जाईल."

अनसूयाबाईंचा सगळा वर्ग आवाजावर चालायचा. त्या कविता म्हणू लागल्या की शेजारच्या गणिताच्या वर्गातल्या मुलीही पाटीवरून मान वर करायच्या. आता त्यांची कुजबुज पहिल्या बाकापर्यंत जेमतेम पोचत होती.

त्यात शाळा ग्वाल्हेरची. मुलींचे पणजे शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून आलेले. घरात मराठी, पण अंगणाबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. "बाई, मी डबा खाऊन राहिले," "बाई, माझी चोटी ढीली झाली," असं सर्रास चालायचं. आणि ळ तर जणू नर्मदेपलीकडेच राहून गेला होता. शाळेची शाला झाली होती आणि बाळाचा बाल. "आईनं केली आणली," असं एखादी म्हणाली की अनसूयाबाई कपाळाला हात लावत. इतकी वर्षं त्या ओरडून ओरडून सांगत आल्या होत्या, "ळ म्हणा, ळ!" मुली तितक्याच जोरात ओरडायच्या, "ल!"

मुख्याध्यापिका मंदाताईंनी त्यांना खोलीत बोलावलं. "पौषात शिक्षण खात्याचे दिनकरराव तपासणीला येणार आहेत. मुलींना धड मराठी बोलता येत नसेल तर मराठीचा वर्ग कशाला ठेवायचा, असं खात्यात बोललं जातंय. आणि तुमचा हा असा आवाज. अनसूयाबाई, तुम्ही रजा घ्या."

अनसूयाबाईंची नजर मंदाताईंच्या मागे गेली. तिथे तिवईवर कापडाखाली ग्रामोफोन झाकून ठेवला होता. सरदार जयसिंहरावांनी घरी नवा आणला, तेव्हा जुना तबकड्यांसकट शाळेला दिला होता. बक्षीस समारंभात मंदाताई त्यावर बँड लावत, आणि मग पुन्हा कापड.

"हा मला द्या," अनसूयाबाई कुजबुजल्या.

"वर्गात? नाटकातली गाणी? पालक शाळेवर मोर्चा आणतील!"

"गाणी नाही. ह्या तबकड्यांत एका कीर्तनकारबुवांचं आख्यान आहे. स्वच्छ मराठी आहे."

"आणि मोडला तर?"

"आधी चालवायला शिकते. मग हात लावते."

मंदाताईंनी नको नको म्हणत होकार दिला.

महाराज बाड्याच्या चौकाजवळ रहमतुल्ला यांचं ग्रामोफोनचं दुकान होतं. शाळा सुटल्यावर अनसूयाबाई तिथे जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी त्यांनी सुई अशी आपटली की ती तबकडीवरून खर्रकन घसरली आणि दुकानातली गिऱ्हाइकं वळून पाहू लागली.

"सुई को रखिए, बाईजी, पटकिए मत," रहमतुल्ला शांतपणे म्हणाले. "और चाबी जहाँ भारी लगे, वहीं रुक जाइए."

अनसूयाबाई लाजल्या, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. चावी हाताला जड लागली की थांबायचं, दर वेळी सुई बदलायची, तबकडीची धूळ गोल पुसायची, हे त्यांना हळूहळू जमलं. एक गोष्ट मात्र त्यांची त्यांनाच दिसली. शाळेतून नेलेली बुवांची तबकडी उजेडात तिरकी धरली की बुवा जिथे श्वास घ्यायला थांबले होते, तिथल्या रेघा जास्त चकाकत होत्या. तिथे सुई टेकवली की नेमकं नवं वाक्य सुरू व्हायचं. त्यांनी ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. रहमतुल्लाही कौतुकानं पाहत राहिले.

मग तो दिवस आला. वर्गात ग्रामोफोनचा कर्णा पाहून मुली हरखल्या. अनसूयाबाईंनी चावी दिली, सुई टेकवली, आणि कर्ण्यातून रेडा हंबरावा तसा आवाज निघाला. मंदाताईंच्या खोलीतून आणताना वेगाचा स्क्रू कुठेतरी हलला होता. बुवा झोपेत बोलावं तसे एकेक अक्षर ओढत होते. वर्ग खो खो हसू लागला. दारात उभ्या मंदाताईंनी ओठ आवळले. अनसूयाबाईंचे कान तापले. गप्प बसा म्हणायला आवाजही नव्हता. त्यांचा हात स्क्रूकडे गेला.

तेवढ्यात हसणाऱ्यांतली एक मुलगी बुवांची नक्कल करू लागली. "काऽऽळ्याऽ... डोऽहात..."

अनसूयाबाईंचा हात थांबला. मुलीनं ळ म्हटला होता. अगदी खरा, जीभ मागे वळवून म्हटलेला ळ.

त्यांनी बोटानं खूण केली: पुन्हा.

मुलगी घाबरली. "बाई, मी मजाक करत होते."

"तेच कर," अनसूयाबाई कुजबुजल्या. "सगळ्याच करा."

आता अख्खा वर्ग रेड्याच्या आवाजात हंबरू लागला, "काऽऽळ्याऽ डोऽहात!" भरभर बोलण्यात जो ळ मुलींच्या कानांवरून निसटून जायचा, तो या संथ आवाजात लांबलचक पसरला होता. जीभ कुठे जाते ते ऐकू येत होतं. अनसूयाबाईंनी वेग किंचित वाढवला. मुलींनी वेग वाढवला. पुन्हा थोडा. बुवा माणसासारखे बोलू लागले तेव्हा मुलींच्या तोंडी ळ पक्का बसला होता. मंदाताई दारातून कधी गेल्या ते कुणाला कळलंही नाही.

त्या दिवसापासून वर्गाची रीत बदलली. एक वाक्य वाजायचं, सुई उचलली जायची, आणि बाई एका मुलीकडे बोट दाखवायच्या. ती बोलायची. बाई मान हलवायच्या, किंवा कानाशी हात नेऊन पुन्हा म्हणायला लावायच्या. पूर्वी त्या बोलायच्या आणि मुली ऐकायच्या. आता मुली बोलत होत्या. शेवटच्या बाकावरच्या शरयूचा आवाज कसा आहे, हेसुद्धा अनसूयाबाईंना प्रथमच कळलं. आवाज सुरेख होता. मग बुवांचं आख्यान बाजूला ठेवून मुली आपल्याच घरातल्या गोष्टी बुवांच्या ढंगात सांगू लागल्या.

पौषात दिनकरराव आले. काळा कोट, पगडी, कपाळावर आठी. मुलींनी तबकडीमागून वाक्यं म्हणून दाखवली. एकही चूक झाली नाही. पण आठी तशीच होती.

"ही पोपटपंची झाली," ते म्हणाले. "ते यंत्र बंद करा."

अनसूयाबाईंनी सुई उचलली. मंदाताईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"मेळ्याला कोण जाऊन आलं? मला सांगा काय पाहिलं."

मग शेवटच्या बाकावर शरयू उभी राहिली.

"मी गेले होते. आजोबांबरोबर. ते फौजेत होते, कशालाच भीत नाहीत. आम्ही केळी घेतली, खेळणी पाहिली. मग मोठ्या झूल्यात..." ती थांबली. बुवा थांबत तशीच. "मोठ्या पाळण्यात बसलो. पाळणा वर गेला. आजोबांनी डोळे मिटले आणि रामनाम सुरू केलं. पाळणा खाली आला, थांबला, सगळे उतरले. आजोबा डोळे मिटूनच! पाळणेवाला म्हणाला, 'दादाजी, उतरिए.' तेव्हा आजोबा म्हणाले, 'आधी खाली तर येऊ दे!'"

दिनकरराव असे हसले की पगडी सावरावी लागली. वर्गही हसला. हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "हे तुला यंत्रानं शिकवलं की बाईंनी?"

"बाईंनी," शरयू म्हणाली. "मशीन एकच गोष्ट सांगतं. माझं चुकलं तर त्याला काय समजणार?"

दिनकरराव अनसूयाबाईंकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. "बाई, वर्ग राहील. शिवाय इतर शाळांतल्या शिक्षकांना मी तुमच्याकडे पाठवतो. त्यांनाही हे यंत्र वापरायला शिकवा."

मंदाताईंनी तिथल्या तिथे अनसूयाबाईंना मिठी मारली. एवढ्या वर्षांत त्यांनी असं कधीच केलं नव्हतं.

पुढे उन्हाळ्यात घसा थोडा सुधारला, पण अनसूयाबाई पूर्वीसारख्या मोठ्यानं बोलल्या नाहीत. त्यांना गरज वाटली नाही. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी सराफ्यातल्या एका मारवाडी घरची बाई मुलीला हाताला धरून वर्गाच्या दारात उभी राहिली.

"इसे भी मराठी में बिठा लीजिए," ती संकोचून म्हणाली. "पड़ोस की लड़कियाँ किस्से सुनाती हैं, यह रोज़ ज़िद करती है."

अनसूयाबाईंनी पहिल्या बाकावरच्या मुलींना सरकायला सांगितलं.

"ये, बाळ," त्या म्हणाल्या. "बस."