देशाची चिंता

"नुसती ‘चिंता’ लिहू, की ‘तीव्र चिंता’?" रिसीव्हरवर हात ठेवून सहसचिव मॅडमनी विचारलं.

"‘तीव्र’ लिहिलं तर हे फुगून बसतील, नुसती लिहिली तर ते," चिंताकाका म्हणाले. "‘गंभीर दखल घेतो’ लिहा. त्याचा अर्थ कुणालाच लागत नाही."

परराष्ट्र खात्यात अठ्ठावीस वर्षं निवेदनांचे मसुदे करणाऱ्या या कारकुनाला सगळं ऑफिस चिंताकाका म्हणायचं. देशाची चिंता कुठल्या पायरीवर उभी करायची हे तेच ठरवत. घरी मात्र आमटीत मीठ कमी आहे हे सांगायचीही त्यांची छाती होत नसे.

त्या महिन्यात देशाला बऱ्याच वर्षांनी सुरक्षा परिषदेच्या अध्यक्षाची खुर्ची मिळाली होती. ऑफिसातले शिपाईसुद्धा ताठ चालू लागले होते. आणि तिसऱ्याच दिवशी भर समुद्रात एक मालवाहू जहाज अडवलं गेलं. त्यावर आपले अकरा खलाशी. अडवणारे एका बड्या राष्ट्राचे दोस्त, तर जहाजाचा मालक दुसऱ्या बड्याचा. एकाकडून आपण तेल घ्यायचो, दुसऱ्याकडून विमानं. सकाळपासून दोघांचे फोन चालू होते आणि दर फोनला मसुद्यातलं एक विशेषण गळत होतं.

दुपारी ऑपरेटरनं एक फोन चुकून काकांना जोडून दिला. पलीकडे एका खलाशाची आई होती.

"साहेब, आपण काय बोललो त्यांना?"

काकांनी मसुदा वाचून दाखवला. "सर्व संबंधितांनी संयम राखावा..."

"मी पण राखू का?"

"नाही, तुम्ही संबंधितांत येत नाही," काका सवयीनं बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

बाई चिडल्या नाहीत. "यात माझ्या मुलाचं काही आलंच नाही," एवढंच म्हणाल्या.

काका उठून मॅडमकडे गेले. "अकरा जणांची नावं घाला."

"काका, निवेदनात कधी नावं असतात का?"

"विशेषणाला हरकत घेता येते, मॅडम. माणसाच्या नावाला काय घेणार?"

पहिल्या बड्यानं अर्धा तास हरकत शोधली. शेवटी विचारलं, नावांच्या क्रमामागे काही हेतू आहे का? काकांनी कळवलं, अक्षरक्रम आहे. दुसऱ्यानं विचारलं, कुणाच्या लिपीतला?

"आपल्या," काका म्हणाले. अठ्ठावीस वर्षांत एवढं कडक ते पहिल्यांदाच बोलले.

संध्याकाळपर्यंत दखल गेली, चिंता गेली, संयमही गेला. उरली तारीख, जहाजाचं नाव आणि अकरा माणसं. आपल्या राजदूतांनी अध्यक्षाच्या खुर्चीतून ती नावं वाचली. काकांनी ऑफिसातल्या टीव्हीपुढे उभं राहून ऐकली. अर्धं मिनिटही लागलं नाही.

खलाशी सुटायला पुढे एकोणीस दिवस लागले, आणि ते निवेदनामुळे सुटले असा दावा काकांनी कधीच केला नाही. पण त्या संध्याकाळी फोन पुन्हा वाजला.

"ऐकलं हो, साहेब. पण त्यांनी नाव चुकीचं वाचलं."

"शुद्धिपत्रक काढतो, ताई. बरोबर कसं म्हणायचं, सांगा."

त्यांनी सांगितलं. काकांनी म्हणून दाखवलं.

"अंहं. शेवटचं अक्षर जरा लांबवायचं."

काकांनी पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा, सावकाश.

"हां. आता बरोबर," बाई म्हणाल्या. काकांनी शुद्धिपत्रकाचा कागद पुढे ओढला आणि शेवटचं अक्षर दीर्घ लिहिलं.